क्लाउड आल्यावर स्टोरेज इंजिनिअरनं काय करायचं?

पत्र थोडक्यात: पत्रलेखिका २६ वर्षं स्टोरेज इंजिनिअर आहेत. स्कझी (डिस्क जोडायची जुनी पद्धत) डिस्क आणि टेप लायब्ररीपासून सुरुवात झाली, पुढे फायबर चॅनलचं सॅन (सर्व्हर आणि डिस्क जोडणारं वेगळं जाळं), मोठे अ‍ॅरे (एकत्र चालणाऱ्या डिस्कची कपाटं), रेप्लिकेशन (डेटाची दुसरी प्रत सतत राखणं), डिझास्टर रिकव्हरी. आता कंपनीनं दीड वर्षात स्वतःचं डेटा सेंटर बंद करून सगळा डेटा क्लाउडवर न्यायचं ठरवलं आहे. त्यांना तीन पर्याय दिलेत: सध्याच्या टीमची मॅनेजर व्हा, क्लाउड टीममध्ये खालच्या जागेवर जा, किंवा भरपाई घेऊन बाहेर पडा. क्लाउड टीमची प्रमुख वयानं बरीच लहान आहे, आणि ती नवखी असताना तिला काम यांनीच शिकवलं होतं. उत्तर महिन्याभरात द्यायचं आहे. त्या लिहितात, "मी जन्मभर जे शिकले ते आता कुणालाच नकोय. लन [सर्व्हरला वेगळा काढून दिलेला साठ्याचा तुकडा] म्हणजे काय हे नव्या मुलांना माहीत नाही, आणि माहीत असायची गरजही उरलेली नाही. रेझ्युमेत लिहावं असं मोठं माझ्याकडे काही नाही. काही वाईट घडू नये एवढंच माझं काम होतं, आणि ते घडलं नाही."

तुम्ही तीन पर्याय मांडलेत आणि कोणता घेऊ असं विचारलंत. पण पत्र दुसऱ्यांदा वाचताना लक्षात येतं की एक निकाल तुम्ही आधीच लावून ठेवला आहे: शिकलेलं सगळं वाया गेलं. हा निकाल मनात तसाच ठेवून तीनपैकी काहीही निवडलंत, तरी ते पड खाऊन निवडलेलं असेल. म्हणून पर्यायांकडे जरा उशिरानं येऊ.

त्या निकालात खरं किती, ते आधी सांगायला हवं, कारण खोटा धीर तुम्हाला ओळखू येईल. काही गोष्टी खरोखर संपल्या आहेत. एका विशिष्ट अ‍ॅरेच्या कमांड, झोनिंग, लन मास्किंग (कुठल्या सर्व्हरला कुठला साठा दिसेल हे ठरवणं), कुठल्या फर्मवेअरबरोबर कुठला ड्रायव्हर चालतो याचे तक्ते तोंडपाठ असणं, याला पूर्वी जो मान होता तो परत येणार नाही. मिनिटाला १५,००० फेरे घेणाऱ्या डिस्कवरसुद्धा हवा तो सेक्टर हेडखाली यायला सरासरी २ मिलिसेकंद लागायचे. म्हणून डेटा फक्त बाहेरच्या ट्रॅकवर ठेवायचा, जागा वाया गेली तरी चालेल पण डिस्कची संख्या वाढवायची, ही एक कारागिरीच होती. फिरत्या तबकड्यांशिवाय चालणाऱ्या फ्लॅश मेमरीनं ती निकालात काढली. केवळ अ‍ॅरे सांभाळण्याच्या जागाही कमी झाल्या आहेत. याचं वाईट वाटणं रास्त आहे, आणि ते लवकर आवरतं घ्यायची काही गरज नाही.

मात्र या क्षेत्रानं आपली यंत्रं कायम अशीच टाकून दिली आहेत. १९५६ मध्ये आयबीएमचं ३५० हे पहिलं डिस्क स्टोरेज आलं, त्यात २४ इंची ५० तबकड्या होत्या आणि त्यावर सुमारे ५० लाख अक्षरं मावत. १९८० मध्ये एसटी-५०६ आली. सव्वापाच इंची डिस्क, क्षमता ५ मेगाबाइट. म्हणजे २४ वर्षांत तेवढाच डेटा कपाटाएवढ्या धुडातून निघून हातात मावू लागला. १९८८ मध्ये पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेड या पद्धतीचा निबंध लिहून दाखवलं की एका महागड्या मोठ्या डिस्कचं काम पुष्कळ स्वस्त लहान डिस्क मिळून करू शकतात. मोठ्या डिस्कवर ज्यांचं सगळं कौशल्य उभं होतं त्यांना तो निबंध कसा वाटला असेल? त्याच सुमाराला, १९८७ मध्ये, तोशिबात फुजिओ मासुओका यांनी नँड फ्लॅश मांडली होती, जी पुढे या डिस्कनाही मागे सारणार होती. उलट दिशेनंही घडतं: २०१५ मध्ये गाजावाजा करून जाहीर झालेलं ऑप्टेन हे मेमरीचं नवं तंत्र इंटेलनं २०२२ मध्ये गुंडाळलं.

यातली निदान तीन वळणं तुम्ही स्वतः नोकरीत असताना पार केली आहेत. पॅरलल स्कझी सुटली, फायबर चॅनल शिकलात, मग फ्लॅश, मग एनव्हीएमई (फ्लॅशसाठी बनवलेली वेगवान जोडणी). तेव्हा "माझं सगळं संपलं" असं तुम्हाला वाटलं नव्हतं, कारण दर वेळी नवं यंत्र तुमच्याच खोलीत येत होतं. या वेळी खोलीच बंद होते आहे. मला वाटतं खुपतंय ते हे. ज्ञान निरुपयोगी झाल्याची आणि जागा गेल्याची वेदना आतून सारखीच भासते, पण उपाय दोन्हीचे वेगळे आहेत.

आता न संपलेल्या गोष्टींकडे या. रीड आणि सॉलोमन यांचा चुका दुरुस्त करणारा कोड १९६० चा, म्हणजे पहिल्या डिस्कनंतर चारच वर्षांनी आलेला. तो सीडीत आला, रेड ६ मध्ये आला, आणि आज मोठमोठ्या ऑब्जेक्ट स्टोअरमध्ये (क्लाउडमधल्या डेटाच्या कोठारांत) इरेजर कोडिंग म्हणून जे चालतं त्यात त्याचंच कूळ आहे. एक डिस्क गेली की रिबिल्डसाठी, म्हणजे तिचा डेटा पुन्हा उभारायला, उरलेल्या सगळ्या डिस्क जीव तोडून वाचल्या जातात, आणि इतके दिवस कुणी न वाचलेला खराब सेक्टर नेमका त्या वेळी उघडा पडतो. हे तुम्ही रात्री जागून शिकलात. क्लाउडमध्ये फक्त हे सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी इमारतीत घडतं, आणि ते समजणारा माणूस तुमच्या कंपनीत उरला नाही तर कंपनी विक्रेत्याच्या माहितीपत्रकावर विसंबून राहील. माहितीपत्रकांचं काय होतं ते २००७ मध्ये दिसलं होतं. श्रोडर आणि गिब्सन या संशोधकांनी प्रत्यक्ष वापरातल्या सुमारे एक लाख डिस्कचा अभ्यास केला. कागदावरच्या आकड्यांवरून वर्षाला १ टक्क्याहून कमी डिस्क जायला हव्या होत्या, प्रत्यक्षात २ ते ४ टक्के बदलाव्या लागणं ही नेहमीची गोष्ट निघाली. त्याच वर्षी गूगलच्या अभ्यासात दिसलं की बऱ्याच डिस्क स्मार्टच्या (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीच्या) मुख्य खुणांपैकी एकही न दाखवता गेल्या. या निष्कर्षांचं तुम्हाला फारसं आश्चर्य वाटलं नसेल, आणि तेच तुमचं भांडवल आहे.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगण्यासारखं आहे, कारण ते अगदी तुमच्या कामाच्या गाभ्याचं आहे. २०१८ मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसच्या लोकांच्या लक्षात आलं की एफसिंक या कॉलबद्दल आपण २० वर्षं चुकीचं गृहीत धरत होतो. लिहिलेलं खरोखर डिस्कवर पोचलं का, हे प्रोग्रॅम या कॉलनं विचारतो. लिनक्सवर लिहिणं फसलं तर कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) चूक एकदा सांगायचा, पण मेमरीतलं ते पान "लिहून झालं" अशा खुणेनं ठेवून द्यायचा. डेटाबेस पुन्हा विचारायचा, आणि या वेळी उत्तर यायचं: सगळं ठीक. डेटा डिस्कवर नाही, आणि तो नाही हे कुणालाच माहीत नाही. शेवटी उपाय असा निघाला की अशी चूक आली की डेटाबेसनं पुन्हा प्रयत्न न करता सरळ थांबायचं आणि लॉगवरून नव्यानं उभं राहायचं. भल्याभल्यांनी लिहिलेलं, जगभर वापरलेलं सॉफ्टवेअर, आणि प्रश्न काय तर "खरंच लिहिलं गेलं का?" हा प्रश्न विचारायची तुमची सवय क्लाउडनं जुनी केलेली नाही. तिथे थर वाढलेत, त्यामुळे तो विचारायच्या जागाही वाढल्यात.

तसंच बॅकअपचं. २०१७ च्या जानेवारीअखेर गिटलॅब या प्रोग्रॅमरांचा कोड साठवणाऱ्या कंपनीत एका इंजिनिअरनं दुय्यम समजून मुख्य डेटाबेसचीच डिरेक्टरी पुसली. बॅकअप आणि रेप्लिकेशनच्या पाच पद्धती होत्या, ऐन वेळी एकीचाही भरवसा निघाला नाही. सुमारे सहा तासांपूर्वी हातानं घेतलेला एक स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) होता म्हणून निभावलं. तेवढ्या तासांचा डेटा मात्र गेला. त्यांनी हे सगळं मोकळेपणानं जाहीर केलं याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. २०११ मध्ये जीमेलच्या काही खात्यांतली पत्रं सॉफ्टवेअरमधल्या दोषामुळे एकाहून अधिक प्रतींतून नाहीशी झाली, आणि ती परत आली टेपवरून, कारण टेप त्या दोषाच्या आवाक्याबाहेर होत्या. क्लाउडच्या ऑब्जेक्ट स्टोअरची अकरा नऊंची (९९.९९९९९९९९९ टक्के) टिकाऊपणाची हमी ऐकून लोक बॅकअपचा विचारच सोडतात. ती हमी डिस्क बिघडण्याविरुद्ध आहे. तुमच्याच प्रोग्रॅमनं पुसायला सांगितलं, तर तो हुकूमही तितक्याच चोखपणे पाळला जातो. ही गोष्ट मीटिंगमध्ये शांतपणे सांगू शकणारी व्यक्ती कंपनीला हवी आहे, मग तिच्या पदाचं नाव काही असो.

रेझ्युमेत लिहायला काही नाही, असं म्हणता. स्टोरेज, नेटवर्क, बॅकअप, डेटाबेस सांभाळणाऱ्या कितीतरी वाचकांची हीच तक्रार असते. यश म्हणजे न घडलेली घटना, आणि न घडलेल्या घटनेची नोंद कुणी ठेवत नाही. ती आता तुम्हीच ठेवायची. एका जागी बसा आणि आठवतील तेवढे प्रसंग लिहून काढा. प्रत्येकात चार गोष्टी हव्यात: काय पणाला लागलं होतं, तुमच्या काय लक्षात आलं जे इतरांच्या आलं नव्हतं, तुम्ही काय ठरवलं, आणि शेवटी कसं निभावलं. किती टेराबाइट "सांभाळले" हे लिहू नका, त्यातून तुम्ही कुठेच दिसत नाही. "चालू सिस्टिम न थांबवता दोन अ‍ॅरेंमध्ये डेटा हलवला, हलवल्यावर चेकसम (डेटा तोच आहे का हे दाखवणारे आकडे) जुळवले, तेव्हा अमुक ठिकाणी फरक सापडला आणि जुना अ‍ॅरे परत करणं थांबवलं" असं लिहा. आठवणीत आकडा पक्का नसेल तर आकडा टाकू नका. दहा-बारा प्रसंग झाले की त्यांच्याकडे बघून तुम्हाला कळेल की तुमचं कौशल्य नेमकं काय आहे, आणि मला वाटतं तिथे एकाही यंत्राचं नाव लागणार नाही.

मग पर्याय. मॅनेजरपदाबद्दल एक साधा प्रश्न: जी टीम तुमच्या हाती देताहेत, ती दीड वर्षानं असणार आहे का? नसेल, तर माणसं टिकवत, धीर देत, एकेकाला निरोप देत डेटा सेंटर बंद करणं हे ते काम आहे. ते मोलाचं काम आहे आणि चांगल्या माणसानं केलं तर पुष्कळांचं भलं होतं. पण ते काम तेच आहे हे ओळखून घ्या, आणि त्यानंतर तुमचं काय, याचं उत्तर आधी मागा. दुसरं म्हणजे, अमुक वयानंतर मॅनेजर झालंच पाहिजे, हे तुमच्या पत्रात गृहीत धरल्यासारखं दिसतं. मोठा बिघाड झाला की तुमचा हात आपोआप कीबोर्डकडे जातो, की कुणाला फोन करायचा, कुणाला झोपू द्यायचं, वरच्यांना काय सांगायचं हे आधी सुचतं? पहिलं असेल तर ही खुर्ची तुम्हाला आतून पोखरेल.

क्लाउड टीममध्ये जाण्यातला सल कुठे आहे हे तुम्ही लपवलं नाहीत, ते बरं केलंत. ती प्रमुख तुमच्याकडे शिकत होती तेव्हा तिला त्यात कमीपणा वाटला होता का? वाटला नसेल, तर तुम्हालाही वाटून घेण्याचं कारण नाही. जागा "खालची" आहे म्हणजे नक्की काय, हे मात्र स्पष्ट करून घ्या. पगार कमी होतो का, श्रेणी बदलते का, ऑन-कॉलची पाळी किती, आणि कुठल्या गोष्टीची जबाबदारी पूर्णपणे तुमची असेल. या चारांपैकी शेवटचं उत्तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. शिकायचं झालं तर प्रमाणपत्रांच्या यादीपासून सुरू करू नका. तुम्हाला आधीच पडणाऱ्या प्रश्नांपासून करा: लिहिल्याची पोच कधी मिळते, तेव्हा डेटा किती ठिकाणी असतो, आयऑप्सची (सेकंदाला किती वेळा लिहिता-वाचता येतं त्याची) मर्यादा ओलांडली की काय होतं, पूर्ण रिस्टोअरला किती वेळ लागतो, आणि तो शेवटचा कुणी मोजला होता. एक उणीव मात्र खरी असू शकते. अ‍ॅरेवर हातानं किंवा चार शेल स्क्रिप्टनी भागायचं, आता मांडणीच कोड म्हणून लिहिली जाते, व्हर्जन कंट्रोलमध्ये ठेवली जाते, दुसरा कुणीतरी ती तपासतो. हे शिकायला काही महिने लागतील आणि सुरुवातीला संथपणा सहन करावा लागेल. त्या तरुण प्रमुखाकडून हे शिका, सरळ तिला विचारून.

भरपाई घेऊन बाहेर पडणं हा पळपुटेपणा नाही. त्याचा हिशेब कागदावर करा: किती महिने बिनपगारी निभतील, कुणाची जबाबदारी तुमच्यावर आहे, आणि तुम्हाला खरं म्हणजे विश्रांती हवी आहे का. २६ वर्षं रात्री-अपरात्री फोन उचलणाऱ्या माणसाला ती हवी असू शकते. बाहेर हे काम नाही असंही नाही. क्लाउड देणाऱ्यांनाच स्टोरेजची माणसं लागतात, डिस्क आणि एसएसडी बनवणाऱ्यांना लागतात, टेपवर प्रचंड डेटा राखणाऱ्या संशोधन संस्थांना आणि अभिलेखागारांना लागतात. मोठी एआय मॉडेल शिकवताना मधल्या टप्प्यांचे चेकपॉइंट लिहिले जाईपर्यंत महागडे प्रोसेसर थांबून राहतात, तिथे तर प्रश्नच स्टोरेजचा आहे. स्वतंत्र सल्लागार होण्याचा विचार असेल, तर आजही अडल्यावर तुम्हाला फोन करणारी दोन-तीन माणसं कंपनीबाहेर आहेत का ते पाहा. ती नसतील तर आधी नोकरीच शोधा.

आणि आता तुमच्या पत्रात नसलेला चौथा पर्याय. हा सगळा डेटा तिकडे नेणार कोण? दीड वर्षाची मुदत देणाऱ्यांनी बहुधा याचा विचार "कॉपी करायचा" एवढाच केलेला असेल. तुम्हाला माहीत आहे ते काय असतं. निम्म्या व्हॉल्यूमचा मालक कोण हेच कुणी सांगू शकत नाही. कायद्यानं ठेवाव्या लागणाऱ्या जुन्या टेप कपाटात पडून असतात, आणि टेपच्या आठव्या पिढीचा, एलटीओ-८ चा, ड्राइव्ह एलटीओ-६ किंवा त्याआधीची टेप वाचतच नाही, म्हणजे जुने ड्राइव्ह विकायच्या आधी त्या टेप वाचून घ्यायला हव्यात. फाइलच्या परवानग्या, हार्ड लिंक, लॉक यांवर विसंबलेले प्रोग्रॅम असतात, आणि बहुतेक ऑब्जेक्ट स्टोअरमध्ये साधं नाव बदलणं म्हणजे नवी प्रत करून जुनी पुसणं. एकामागून एक १०,००० लहान रीड करणारा एखादा रिपोर्ट आज दर रीडला ०.२ मिलिसेकंदानं २ सेकंदांत होतो. तोच रीड २ मिलिसेकंदांवर गेला की २० सेकंद लागतात, आणि दोष मात्र क्लाउड टीमच्या माथी येतो. चेकसम कधी घ्यायचे, कटओव्हर (काम नव्या जागी वळवणं) कधी, परत फिरायची वाट किती दिवस उघडी ठेवायची, हे ठरवायला ज्यानं डेटा गमावण्याची भीती अंगावर घेतली आहे असा माणूस लागतो.

या कामाची जबाबदारी मागा, नावानिशी. स्थलांतरात डेटा शाबूत राहील याची जबाबदारी तुमची, आणि नंतर क्लाउडमधल्या रिस्टोअरच्या नियमित तालमीही तुमच्याच. यातून क्लाउडही शिकाल, आणि तेही तुमच्या ओळखीच्या डेटावर. एक पथ्य पाळा: "माझ्याशिवाय तुमचं चालणार नाही" हे हत्यार वापरू नका. माहिती अडवून ठेवणाऱ्याला लोक कामापुरतं वापरतात आणि काम झालं की सोडून देतात. सगळं लिहून काढा, शिकवा, मग मागणी करा.

महिन्यातला पहिला आठवडा प्रसंग लिहिण्यात घालवा. दुसऱ्या आठवड्यात त्या प्रमुखाशी एकटीशी बोला, आणि स्थलांतरात तिला कशाची धास्ती वाटते ते आधी विचारा. तुमच्या मागणीला तिचा पाठिंबा असला तर वरिष्ठांकडे दोघी मिळून जा. वरिष्ठांकडून एक गोष्ट लेखी घ्या: दीड वर्षानंतर या पदाचं काय होणार. ते लिहून द्यायला तयार असतील तर हे काम घ्या, असं मी मनापासून सांगेन. ते टाळाटाळ करत राहिले आणि मुदतीचा शेवटचा आठवडा आला, तर भरपाई स्थलांतर पूर्ण झाल्यावरही मिळेल का ते विचारा. त्यालाही नकार आला तर भरपाई आत्ताच घ्या, आणि तयार असलेली प्रसंगांची ती यादी घेऊन दुसरीकडे अर्ज करा.